नाव धावणाऱ्याचं, काम फळीचं : विन्स लोम्बार्डी यांची गोष्ट

दर वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत सुपर बोल नावाचा सामना होतो. नोकरीनिमित्त तिकडे गेलेली आपली मुलं त्या रविवारी घरी पार्टी करतात, त्याचे फोटो इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. सामना जिंकणाऱ्या संघाला चांदीचा करंडक मिळतो. त्या करंडकाचं नाव 'विन्स लोम्बार्डी ट्रॉफी'. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, माणूस मात्र फार थोड्यांना माहीत असतो. ३ सप्टेंबर १९७० रोजी हा माणूस गेला. त्याला आता अर्धशतकाहून जास्त काळ लोटला.

लोम्बार्डी हे मोठे प्रशिक्षक होते, एवढं तर सगळेच सांगतात. सात वर्षांत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा माणूस मोठाच म्हणायचा. पण त्यांचं मोठेपण नेमकं कुठे होतं, हे बघायचं असेल तर चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे बघून भागत नाही. त्याच्या पुढे छाती देऊन उभ्या राहणाऱ्या पाच जणांकडे बघावं लागतं. कळस सगळ्यांना दिसतो, पायाचे दगड कुणी मोजत नाही. लोम्बार्डींनी आयुष्यभर ते दगडच मोजले. कारण ते स्वतः त्यातलेच एक होते.

पाच जणांची फळी म्हणजे काय?

अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू लांबट, हातात धरून पळायचा किंवा फेकायचा. एका वेळी मैदानात दोन्हीकडचे अकरा-अकरा खेळाडू. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही सरकला तर चेंडू समोरच्याला.

या अकरांपैकी पाच जण अगदी पुढे, ओळीने उभे राहतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. या पाच जणांना म्हणतात ऑफेन्सिव्ह लाइन. यांनी चेंडू घेऊन पळायचं नाही, गुण मिळवायचे नाहीत. समोरून अंगावर येणाऱ्या धटिंगणांना अडवायचं, ढकलायचं, त्यांच्यात खिंड पाडायची आणि मागून येणाऱ्याला वाट करून द्यायची. काम चोख झालं तर टाळ्या पळणाऱ्याला. काम चुकलं तर मात्र सगळं स्टेडियम यांच्याकडे बघतं.

खाटकाचा मुलगा

व्हिन्सेंट थॉमस लोम्बार्डी यांचा जन्म ११ जून १९१३ चा. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये. घर इटलीहून आलेल्या लोकांचं. वडील हॅरी खाटीक, घाऊक मांसाचा धंदा. त्यांनी एका हाताच्या बोटांवर 'काम' आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर 'खेळ' अशी इंग्रजी अक्षरं गोंदवून घेतली होती. पाच भावंडांत विन्स थोरला. घरात देवधर्म कडक, रविवारची प्रार्थना चुकायची नाही. पंधराव्या वर्षी मुलगा पाद्री व्हायचं म्हणून सेमिनरीत गेला. चार वर्षं काढली, मग हा आपला रस्ता नाही हे ओळखून बाहेर पडला. पाद्री झाला नाही, तरी रोज सकाळी चर्चला जायची सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

१९३३ मध्ये फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर फोर्डहम विद्यापीठात प्रवेश मिळाला. उंची पाच फूट आठ इंच, वजन ऐंशी-पंच्याऐंशी किलो. फळीत उभं राहायला हे तेव्हासुद्धा कमीच होतं. तरी त्यांना गार्डची जागा मिळाली. पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात तोंड फाटलं, टाके घालायची वेळ आली, तरी गडी मैदानात. १९३६ सालच्या फोर्डहमच्या पुढच्या फळीला 'ग्रॅनाइटचे सात दगड' असं नाव पडलं आणि ते देशभर गाजलं. लोम्बार्डी त्या सातांतले एक. सातांतले सगळ्यात चांगले मात्र नव्हेत. तो मान सेंटर अ‍ॅलेक्स वॉयचेहोविच याचा.

त्याच १९३६ सालात व्यावसायिक फुटबॉलमध्ये एक नवी पद्धत सुरू झाली होती. तिचं नाव ड्राफ्ट.

शेवटी आलेल्याला पहिली पाळी

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांची. तोवर कॉलेजातून बाहेर पडणारा चांगला खेळाडू जास्त पैसे देईल त्या संघाकडे जायचा. त्यामुळे श्रीमंत संघ आणखी जबर, गरीब संघ आणखी गरीब. बेल यांचा संघ दुसऱ्या प्रकारातला. त्यांनी मांडलं की कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंची एक यादी करावी, संघांनी पाळीपाळीने त्यातून नावं उचलावीत आणि आदल्या वर्षी जो तळाला राहिला त्याला पहिली पाळी द्यावी. एकदा एका संघाने नाव घेतलं की त्या खेळाडूशी दुसऱ्याने बोलणी करायची नाहीत.

फेब्रुवारी १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. पुढे पाळ्या वाढत गेल्या. पन्नाशीच्या दशकात बारा संघ आणि तीस फेऱ्या, म्हणजे एका बैठकीत ३६० नावं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतली नावं सगळ्यांना ठाऊक असायची. खरी परीक्षा त्यानंतर. पंधराव्या फेरीत कुणाचं नाव घ्यायचं, हे ज्याने वर्षभर वह्या भरल्यात त्यालाच कळणार.

फोर्डहममधून १९३७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या लोम्बार्डी यांचं नाव कुणीच उचललं नाही. पाच फूट आठ इंचाच्या गार्डला कोण विचारतो? थोडे दिवस छोट्या संघांतून पैशासाठी खेळले, कायद्याच्या वर्गात एक सत्र बसले, पण कशातच मन लागेना.

वीस वर्षांची उमेदवारी

१९३९ मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलवूडच्या सेंट सेसिलिया शाळेत नोकरी मिळाली. शिकवायचं लॅटिन, रसायन आणि भौतिकशास्त्र. पगार वर्षाला साधारण हजार डॉलर. संध्याकाळी फुटबॉल. पुढच्या वर्षी मेरी प्लॅनिट्झ यांच्याशी लग्न झालं, एक मुलगा, एक मुलगी. शाळेत आठ वर्षं गेली. वर्गातल्या सगळ्यात मागच्या मुलाला कळेपर्यंत धडा पुढे न्यायचा नाही, ही सवय तिथेच लागली. पुढे फळीतल्या दांडग्या गड्यांनाही ते तसंच शिकवायचे. फळ्यावर, खडूने, पुन्हा पुन्हा.

मग फोर्डहममध्ये दोन वर्षं आणि १९४९ पासून वेस्ट पॉइंट इथल्या लष्करी अकादमीत फळीचे प्रशिक्षक. तिथले मुख्य प्रशिक्षक रेड ब्लेक शिस्तीचे. सामन्याची फिल्म पडद्यावर लावायची, एकच चाल दहा वेळा मागे-पुढे करून बघायची, कुणाचा पाय कुठे चुकला ते लिहून काढायचं. लोम्बार्डी यांनी ही विद्या ब्लेक यांच्याकडून उचलली.

१९५४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघात सहायक म्हणून आले. चढाईची बाजू त्यांच्याकडे, बचावाची टॉम लँड्री यांच्याकडे. १९५६ मध्ये जायंट्स विजेते झाले. नाव होऊ लागलं, पण मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची काही मिळेना. कॉलेजांकडे अर्ज गेले, उत्तरं आली नाहीत. आपलं आडनाव इटालियन आहे म्हणूनच दारं बंद राहतात, ही सल त्यांच्या मनात होती. पंचेचाळिशी आली तरी माणूस सहायकच.

ग्रीन बे : गाव लहान, संघ गावाचा

विस्कॉन्सिन राज्यातलं ग्रीन बे हे तेव्हा साठेक हजार वस्तीचं गाव. थंडी हाडं गोठवणारी. तिथला पॅकर्स संघ १९१९ मध्ये सुरू झाला. मांस डबाबंद करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीने गणवेशाला पैसे दिले, म्हणून नाव पॅकर्स. नावातलं इंडियन म्हणजे आपण नव्हे, हे सांगायला नको. संघाचा मालक कुणी शेठ नाही. गावातल्या लोकांनी शेअर घेतलेले. या शेअरवर लाभांश मिळत नाही, नफा वाटला जात नाही, मिळतो तो फक्त अभिमान. न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांपुढे हे गाव टिकलं ते अशा भागधारकांच्या जोरावर.

पण १९५८ पर्यंत पार रया गेली होती. १९४७ नंतर एकही हंगाम जमेच्या बाजूला संपलेला नव्हता. १९५८ मध्ये तर बारा सामन्यांत एक जिंकला, एक बरोबरीत, दहा हरले. संचालक मंडळ मोठं, प्रत्येकाला फुटबॉल कळतो, प्रत्येकाचा सल्ला वेगळा. असा कारभार आपल्याकडे कुणी पाहिला नाही असं नाही.

फेब्रुवारी १९५९ मध्ये लोम्बार्डी तिथे आले. पाच वर्षांचा करार, वर्षाला ३६ हजार डॉलर. अट एकच. प्रशिक्षक आणि व्यवस्थापक ही दोन्ही पदं आपल्याकडे हवीत, मंडळाने मध्ये पडायचं नाही. मंडळाने मान्य केलं. त्यांना आणायचा आग्रह धरणाऱ्यांत संघाचा एक तरुण नोकरदार होता, जॅक व्हेनिसी. या गोष्टीतला दुसरा नायक तोच.

वह्या भरणारा माणूस

व्हेनिसी शिकागोच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा. नोत्र दाम विद्यापीठात फळीतच खेळलेला. लष्करात असताना संधिज्वर झाला, त्याने हृदय कमजोर झालं आणि खेळणं संपलं. १९५० मध्ये पॅकर्सकडे खेळाडू हेरायच्या कामाला लागला. वय जेमतेम तेवीस. देशभरच्या कॉलेजांतल्या प्रशिक्षकांना पत्रं लिहायची, फोन करायचे, कुठला मुलगा कसा आहे विचारायचं, त्याच्याविरुद्ध खेळलेल्यांनाही विचारायचं आणि सगळं जाड वह्यांत उतरवायचं. उंची, वजन, वेग, स्वभाव. हजारो मुलांच्या नोंदी त्या वह्यांत होत्या.

मैदानावर संघ मार खात होता, तेव्हा व्हेनिसीची ही शेती चालू होती. तळाला राहिल्याने ड्राफ्टमध्ये पाळी लवकर येई. अपयशाची तेवढी एकच कमाई, आणि ती त्याने वाया जाऊ दिली नाही.

१९५३ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत सिराक्यूज विद्यापीठाचा सेंटर जिम रिंगो. वजन शंभर किलोच्याही आत. शिबिरात बाकीच्यांचे देह बघून तो इतका घाबरला की सामान बांधून घरी निघून गेला. घरच्यांनी समजावून परत पाठवला. १९५६ मध्ये दुसऱ्या फेरीत टेक्सासचा टॅकल फॉरेस्ट ग्रेग आणि पाचव्या फेरीत इंडियाना विद्यापीठाचा टॅकल बॉब स्कोरोन्स्की. त्याच वर्षी सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर, बार्ट स्टार नावाचा क्वार्टरबॅक. १९५७ मध्ये पॉल हॉर्नंग. १९५८ मध्ये दुसऱ्या फेरीत जिम टेलर, तिसऱ्या फेरीत रे नित्श्की आणि चौथ्या फेरीत आयडाहो विद्यापीठाचा गार्ड जेरी क्रेमर.

रिंगो, ग्रेग, स्टार, हॉर्नंग, टेलर, नित्श्की, क्रेमर. हे सातही जण पुढे फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. लोम्बार्डी गावात पाऊल ठेवण्याआधी हे सगळे संघात आलेले होते.

ड्राफ्ट म्हणजे एक प्रकारची मुदत ठेव. पैसे आज टाकायचे, पिकायला वर्षं लागतात आणि पुष्कळदा मुदत पुरी होते तेव्हा खुर्चीवर दुसराच माणूस असतो. व्हेनिसीने ठेवी ठेवल्या होत्या. पण रिंगो, ग्रेग, क्रेमर १९५८ मध्येही होतेच की. तरी संघ दहा सामने हरलाच. ठेव असणं वेगळं, ती कुठे लावायची हे कळणं वेगळं.

फिल्मच्या खोलीत

लोम्बार्डी आले ते थेट फिल्मच्या खोलीत शिरले. जुन्या सामन्यांच्या रिळांमागून रिळं पाहिली. प्रत्येक खेळाडूला प्रत्येक चालीवर गुण. त्यांना दिसलं की माल चांगला आहे, पण विस्कटलेला आहे. डाव्या गार्डच्या जागेवर मात्र भोक होतं. ते ड्राफ्टने भरायला वेळ नव्हता, म्हणून एक लाइनबॅकर देऊन त्यांनी बाल्टिमोर कोल्ट्सकडून फझी थर्स्टनला घेतलं. हा गडी कॉलेजात बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर आलेला. कुणाच्या डोळ्यात न भरणारा, पण पायात वेग असलेला. लोम्बार्डींना तोच वेग हवा होता.

कारण त्यांच्या डोक्यात एक चाल होती. तिचं नाव स्वीप. गार्डने समोरच्याला ढकलायचं, हा साधा नियम. स्वीपमध्ये दोन्ही गार्ड आपली जागा सोडून मागे सरतात, आडवे पळतात, कोपऱ्यावर वळतात आणि पळणाऱ्याच्या पुढे पायलट गाडीसारखे धावतात. क्रेमर आणि थर्स्टन पुढे, मागे हॉर्नंग किंवा टेलर. गार्ड निघून गेल्याने पडलेली फट सेंटरने बुजवायची, म्हणून तिथे रिंगोसारखा चपळ माणूस लागतो. घाबरून घरी पळालेल्या रिंगोचं कमी वजन इथे उपयोगी पडलं. आधी ठरलेली एकच वाट नाही. समोरचा आत सरकला तर बाहेरून, बाहेर सरकला तर आतून. उजेड दिसेल तिकडे घुसायचं.

ही चाल समोरच्या संघालाही पाठ झाली होती. येणार हे माहीत असूनही थांबवता येत नव्हती, कारण फळीतल्या प्रत्येकाला प्रत्येक शक्यता पाठ होती. फळीचे प्रशिक्षक बिल ऑस्टिन आणि लोम्बार्डी मिळून तीच चाल सकाळ-संध्याकाळ करून घेत. पुढे नामवंत झालेले जॉन मॅडन तरुणपणी लोम्बार्डींच्या वर्गाला बसले, तर या एका चालीवर ते तासन्‌तास बोलत राहिले.

शिस्त अशी की ठरल्या वेळेआधी पंधरा मिनिटं हजर नसलात तर उशीर झाला. बोलणं झोंबणारं. एकदा सरावात क्रेमरला त्यांनी सगळ्यांसमोर असं झापलं की तो खोलीत डोकं धरून बसला, खेळ सोडायच्या विचारात. थोड्या वेळाने लोम्बार्डी आत आले, त्याच्या केसांतून हात फिरवला आणि तू एक दिवस या खेळातला सगळ्यात चांगला गार्ड होशील, एवढं सांगून निघून गेले. क्रेमरने ही गोष्ट पुढे जन्मभर सांगितली.

२७ सप्टेंबर १९५९ रोजी पहिला सामना शिकागो बेअर्सशी. पॅकर्स ९-६ ने जिंकले आणि खेळाडूंनी प्रशिक्षकांना खांद्यावर घेतलं. हंगामाअखेर सात विजय, पाच पराभव. बारा वर्षांनी संघ जमेत आला.

कापणी झाली, पेरणारा गेला

१९६० च्या नोव्हेंबरअखेर पॅकर्स डेट्रॉइटला हरले. तीनच दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, जॅक व्हेनिसी हृदयविकाराने गेला. वय ३३. त्याने निवडलेली पोरं विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होती. ती त्याला बघायला मिळाली नाहीत. संघाने उरलेले तिन्ही सामने जिंकले आणि अंतिम सामना गाठला. तिथे फिलाडेल्फियाकडून १७-१३ असा पराभव झाला. शेवटच्या क्षणी टेलर रेषेपासून काही यार्डांवर अडवला गेला. लोम्बार्डी पुढे सात हंगाम पॅकर्सचे प्रशिक्षक राहिले, पण बाद फेरीचा एकही सामना पुन्हा हरले नाहीत.

१९६१ च्या अंतिम सामन्यात जायंट्सचा ३७-० असा फडशा पडला. त्या हंगामात क्रेमरचा घोटा मोडला होता. ग्रेग टॅकलचा गार्ड झाला, नॉर्म मास्टर्स टॅकलला आला, फळी तुटली नाही. १९६२ मध्ये चौदापैकी तेरा विजय. टेलर १,४७४ यार्ड धावला. अंतिम सामना न्यूयॉर्कमध्ये, बोचऱ्या वाऱ्यात. क्रेमरने गार्ड खेळता खेळता तीन फील्ड गोलही मारले आणि संघ १६-७ ने जिंकला. ज्याने चेंडूला कधी हात लावायचा नसतो, त्या माणसाच्या पायाने त्या फील्ड गोलांचे नऊ गुण आले.

जुने दगड, नवे दगड

फळी उभी करणं अवघड, पण चालू फळी बदलणं त्याहून अवघड. माणसं तिशी ओलांडतात, गुडघे कुरकुरतात. बदलावं तर जीव तुटतो, न बदलावं तर संघ तुटतो. लोम्बार्डींची खरी कसोटी इथे लागली, कारण आता वह्या भरणारा व्हेनिसी नव्हता.

१९६४ मध्ये रिंगो फिलाडेल्फियाला गेला. याबद्दल एक दंतकथा आहे. पगाराची बोलणी करायला रिंगोने वकील आणला, लोम्बार्डी उठून बाहेर गेले आणि पाच मिनिटांनी येऊन म्हणाले की तुमचा माणूस आता फिलाडेल्फियाचा, तिकडे बोला. गोष्ट चवीची आहे, पण रिंगोलाही आपल्या घराजवळ जायचं होतं आणि सौदा काही पाच मिनिटांत झालेला नव्हता. लोम्बार्डींनी ती कथा फारशी खोडून काढली नाही. बाकीचे खेळाडू पगार मागताना दबकून राहिले तर त्यांना हवंच होतं. हिशेबाच्या बाबतीत ते खाटकाच्या दुकानात वाढलेले होते.

त्या सौद्यात ली रॉय कॅफी हा लाइनबॅकर आणि पहिल्या फेरीची एक पाळी मिळाली. रिंगोच्या जागेसाठी त्याच वर्षी आठव्या फेरीत विस्कॉन्सिन विद्यापीठाचा केन बोमन घेतला. १९६६ मध्ये पहिल्याच फेरीत गार्ड गेल गिलिंगहॅम. पण त्या वर्षी गाजावाजा झाला तो दोन पळणाऱ्यांचा. डॉनी अँडरसन आणि जिम ग्राबोव्स्की यांच्या करारांचा आकडा मिळून दहा लाख डॉलरच्या घरात असल्याचं छापून आलं. नव्या लीगशी खेळाडूंची पळवापळवी चालू होती, म्हणून भाव असे चढले. अँडरसनची निवड रिंगोच्या बदल्यात मिळालेल्या पाळीवरच झाली होती. फळीतला माणूस विकून पळणारा आला आणि पैसाही पळणाऱ्यालाच मिळाला. दहा-दहा वर्षं अंग झिजवलेल्या गड्यांनी हे कसं गिळलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

१९६७ मध्ये थर्स्टनची जागा गिलिंगहॅमला गेली. थर्स्टनने तोंड वाकडं केलं नाही. उलट जागा घेणाऱ्या पोराला आपल्याकडचं सगळं शिकवलं. संघात लोम्बार्डींनी काय कमावलं, याचा पुरावा करंडकांपेक्षा इथे जास्त दिसतो.

उणे पंचवीस अंशांत

३१ डिसेंबर १९६७. ग्रीन बेला डॅलस काउबॉइजविरुद्ध विजेतेपदाचा सामना. डॅलसचे प्रशिक्षक जुने सहकारी टॉम लँड्री. तापमान उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास. मैदान गोठू नये म्हणून लोम्बार्डींनी जमिनीखाली विजेच्या तारा घालून घेतल्या होत्या. ऐन दिवशी ती यंत्रणा फसली आणि मैदानाची काच झाली.

पॅकर्स १७-१४ असे मागे. शेवटची ६८ यार्डांची चढाई करत ते रेषेपासून दोन फुटांवर आले. दोनदा अँडरसन पळाला, दोनदा घसरला. सोळा सेकंद उरले. फील्ड गोल मारून बरोबरी साधता आली असती. स्टार बाजूला येऊन प्रशिक्षकांशी बोलला. चेंडू कुणाला न देता आपणच फळीमागून घुसतो, असं त्याचं म्हणणं. लोम्बार्डींनी होकार दिला. सामन्याआधी फिल्म बघताना क्रेमरनेच दाखवलं होतं की डॅलसचा जेथ्रो पग ढकलाढकलीत उंच राहतो, तिथे खिंड पडू शकते.

बोमनने चेंडू मागे दिला. बोमन आणि क्रेमर दोघे मिळून पगच्या अंगाखाली घुसले, तो मागे रेटला गेला, आणि स्टार त्या फटीतून पलीकडे पडला. २१-१७. सलग तिसरं विजेतेपद, सात वर्षांतलं पाचवं. दोन आठवड्यांनी ओकलंडला हरवून सलग दुसरा सुपर बोल.

त्या चालीला उभी असलेली फळी मोजून बघण्यासारखी आहे. स्कोरोन्स्की १९५६ च्या ड्राफ्टचा, गिलिंगहॅम १९६६ चा, बोमन १९६४ चा, क्रेमर १९५८ चा, ग्रेग १९५६ चा. पाचच्या पाच जण पॅकर्सने स्वतः ड्राफ्टमधून उचललेले. तीन व्हेनिसीच्या काळातले, दोन त्याच्या मागून आलेले. दहा वर्षांच्या पेरणीतले दगड त्या दिवशी एका ओळीत उभे होते.

किंमत

१ फेब्रुवारी १९६८ रोजी लोम्बार्डींनी प्रशिक्षकपद सोडलं, फक्त व्यवस्थापक राहिले. एक हंगाम काचेमागून बघितला आणि जीव कासावीस झाला. फळीही थकली होती. त्या वर्षी संघ तोट्यात गेला. क्रेमर, स्कोरोन्स्की निवृत्त झाले. त्यानंतर ग्रीन बेला ती उंची गाठायला जवळजवळ तीस वर्षं लागली. नव्या पाळ्यांत नित्श्की-ग्रेगच्या तोडीची माणसं पुरेशी सापडली नव्हती. लोम्बार्डी शिकवण्यात अव्वल होते. हेरण्यात व्हेनिसीच्या तोडीचे नव्हते, असं हिशेब मांडला तर म्हणावं लागतं.

घरचा हिशेबही जमेचा नव्हता. संघाला दिलेला वेळ बायका-मुलांच्या खात्यातून गेलेला होता. मेरी यांनी एकटेपण फार सोसलं. मुलाला वडील मैदानावरच जास्त भेटले. रागाचे झटके यायचे, मग पश्चात्ताप व्हायचा. पण एका बाबतीत ते कधी डगमगले नाहीत. खेळाडूचा रंग, जात, खासगी आयुष्य यावरून कुणी त्याला कमी लेखलं तर त्याची गय नाही. ज्या हॉटेलात काळ्या खेळाडूंना जागा नाही तिथे संघ उतरायचा नाही. आडनावामुळे स्वतः दाराबाहेर राहिलेला माणूस ते विसरला नव्हता.

१९६९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या संघाचे प्रशिक्षक झाले. आठव्या फेरीत आलेला लॅरी ब्राउन नावाचा पळणारा पोरगा सुरुवातीला क्षणभर उशिरा निघतो, हे त्यांना फिल्ममध्ये दिसलं. कान तपासले तर एका कानाने ऐकू येत नव्हतं. हेल्मेटमध्ये श्रवणयंत्र बसवून दिलं आणि तो देशातल्या चांगल्या धावपटूंपैकी एक झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा वॉशिंग्टनचा हंगाम जमेत संपला.

पुढच्या हंगामाची तयारी चालू असतानाच, जून १९७० मध्ये, आतड्याचा कर्करोग निघाला. अडीच महिन्यांत सगळं आटोपलं. वय अवघं ५७. सुपर बोलच्या करंडकाला त्यांचं नाव दिलं गेलं.

जेरी क्रेमर मात्र हॉल ऑफ फेमच्या दाराशी वर्षानुवर्षं उभा राहिला. त्याच्या पाठीमागून धावलेले टेलर, हॉर्नंग कधीच आत गेले होते. २०१८ मध्ये, निवृत्तीनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, म्हाताऱ्या क्रेमरचं नाव पुकारलं गेलं. थर्स्टनचं नाव तर अजूनही तिथे नाही. तो २०१४ मध्ये गेला. लोम्बार्डींचा करंडक दर फेब्रुवारीत कुणीतरी उंचावतो, तेव्हा कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो. फळीतले पाच जण तेव्हाही कुठेतरी बाजूला, गुडघ्यांना बर्फ लावून बसलेले असतात.